पायथॉनमधून सी लायब्ररी: पॉइंटर परत आला की सेगमेंटेशन फॉल्ट (माझा अनुभव)

६४-बिट लिनक्स. सीटाइप्सने (पायथॉनमधून सी फंक्शन चालवणारं मॉड्यूल) लोड केलेल्या .एसओ फाइलमधलं (कंपाइल केलेली सी लायब्ररी) ‘तयार करा’ फंक्शन स्ट्रक्टचा (सीमधला एकत्र ठेवलेल्या माहितीचा गट) पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, परत देतं. तो पुढच्या फंक्शनला दिला की सेगमेंटेशन फॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्यामुळे प्रोग्राम बंद पडणं). तेच कोड सीच्या मेनमधून चालवलं तर अगदी व्यवस्थित! पुन्हा कंपाइल केलं, ऑप्टिमायझेशन बंद केलं, फरक शून्य. डोकं अक्षरशः पिकलं.

कारण असं: सांगितलं नाही तर सीटाइप्स प्रत्येक फंक्शन ‘इंट’ (पूर्णांक) परत देतं असं धरतं. म्हणजे ३२ बिट, पण पत्ता ६४ बिटांचा. पत्त्याचा वरचा अर्धा भाग तिथेच गळतो. पत्ता लहान असला तर चालूनही जातं, म्हणून हा दोष लवकर सापडत नाही.

लायब्ररी लोड झाल्यावर, पहिल्या कॉलच्या आधी:

१. ‘तयार करा’चा रेसटाइप (परत येणाऱ्या मूल्याचा प्रकार) = सी_व्हॉइड_पी (सीटाइप्समधला पॉइंटरचा प्रकार).
२. पॉइंटर घेणाऱ्या प्रत्येक फंक्शनचे आर्गटाइप्स (आर्ग्युमेंटचे, म्हणजे फंक्शनला दिलेल्या मूल्यांचे प्रकार) = [सी_व्हॉइड_पी, …], बाकीचे आर्ग्युमेंट क्रमाने.
३. ‘मोकळं करा’ फंक्शनलाही तेच आर्गटाइप्स; रेसटाइप = नन (पायथॉनमधलं ‘काहीच नाही’).

दुसरी पायरी गाळू नका. सी_व्हॉइड_पी रेसटाइप पायथॉनला साधा पूर्णांक देतो, आणि आर्गटाइप्स नसतील तर तो परत पाठवताना पुन्हा इंटमध्ये कापला जातो. नल पॉइंटर (कुठेच न दाखवणारा, शून्य पत्ता) आला तर नन मिळतं. तेही आधी तपासा.