डीप लर्निंगच्या नोटबुक्ससाठी कॉम्प्युटर सेट करताय? या चुका टाळा

मागच्या रविवारी ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडून कोपरखैरण्याला मावशीकडे गेलो, तर मावसभाऊ दोन दिवस लॅपटॉपसमोर डोकं धरून बसलेला. ट्युटोरियलची पहिलीच नोटबुक (कोड तुकड्यातुकड्याने चालवायची फाइल), पहिलीच सेल म्हणजे पहिलाच तुकडा, आणि एरर काय तर टॉर्च, म्हणजे डीप लर्निंगची पायटॉर्च लायब्ररी, या नावाचं मॉड्यूलच सापडत नाही. "दादा, तीन वेळा इन्स्टॉल केलं रे!" केलं होतंच त्याने, पण दुसऱ्याच पायथनमध्ये.

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. एका मशीनवर दोन-तीन पायथन असतात, एक साइटवरून घेतलेलं, एक ॲनाकोंडाचं, टर्मिनल एकाला धरून असतो आणि जुपिटरचा (नोटबुक चालवणारं सॉफ्टवेअर) कर्नल, म्हणजे मागे कोड चालवणारा भाग, दुसऱ्याला, मग इन्स्टॉल इकडे होतं आणि शोध तिकडे. नोटबुकमध्येच सिस मॉड्यूल इम्पोर्ट करून सिस डॉट एक्झिक्युटेबल प्रिंट करा, कुठलं पायथन चालू आहे तो पाथ समोर येतो. पॅकेज टाकायचं तर सेलमध्येच, पिप या इन्स्टॉल करायच्या कमांडच्या आधी टक्क्याचं चिन्ह लावून, म्हणजे ते चालू कर्नलमध्येच जातं. आणि प्रत्येक कोर्सला वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथन आणि लायब्ररींचा स्वतंत्र संच, करा, प्लीज. पायथनचं कालपरवा आलेलं व्हर्जनही लगेच घेऊ नका, लायब्ररी त्याच्यासाठी तयार व्हायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट ग्राफिक्स कार्डाची. भावाने कुडा (एनव्हिडियाच्या कार्डावर आकडेमोड चालवणारं सॉफ्टवेअर) टूलकिट वेगळं डाउनलोड केलेलं, काही जीबी डेटा गेला, आणि गरजच नव्हती! पायटॉर्चच्या जीपीयूवाल्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीच्या पॅकेजमध्ये कुडाच्या लागणाऱ्या फाइल्स सोबतच येतात, तुम्हाला फक्त एनव्हिडियाचा ड्रायव्हर नीट लागतो. एनव्हिडिया-एसएमआय कमांड दिली की वर कुडाचं जे व्हर्जन दिसतं ना, ते इन्स्टॉल झालेलं नाही, ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठपर्यंत चालवू शकतो ते आहे, यावरून खूप जण फसतात. विंडोजवर साधं पिप इन्स्टॉल टॉर्च केलं तर सीपीयूवालंच येतं, म्हणून पायटॉर्चच्या साइटवर आपली सिस्टीम निवडून तिथली कमांड कॉपी करा, मग टॉर्च डॉट कुडा डॉट इज अव्हेलेबल तपासा. ट्रू आलं की पुढे जा, फॉल्स असेल तर ट्रेनिंग सुरूच करू नका, रात्रभर मशीन तापेल आणि हाती काही लागणार नाही.

टेन्सरफ्लो ही पायटॉर्चसारखीच दुसरी लायब्ररी शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवा, थेट विंडोजवर जीपीयू सपोर्ट 2.10 व्हर्जनपर्यंतच होता, 2.11 पासून डब्ल्यूएसएल 2, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, लागते. जुने व्हिडिओ बघून करायला गेलात तर अडकाल.

ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपल्याची एरर आली की घाबरून नवीन लॅपटॉपचा विचार करू नका. भावाच्या जीटीएक्स 1650 मध्ये 4 जीबी मेमरी, बॅच साइज (एका वेळी मॉडेलला दिलेले नमुने) 64 वरून 16 केली, कर्नल रीस्टार्ट केला, चाललं. रीस्टार्ट महत्त्वाचा, कारण आधीच्या सेल्सचे टेन्सर, म्हणजे आकड्यांचे तक्ते, तिथेच जागा अडवून बसलेले असतात. विंडोजवर डेटा लोड होताना नोटबुक नुसतीच अडकली तर नम वर्कर्स, म्हणजे डेटा लोड करणाऱ्या जास्तीच्या प्रोसेसची संख्या, शून्य करून बघा.

एनव्हिडियाचं कार्डच नसेल तर कोलॅब ही गूगलची ऑनलाइन नोटबुक वापरा, पण रनटाइम बदलून जीपीयू निवडायला विसरू नका. सेशन संपलं की तिथल्या फाइल्स जातात, त्यामुळे मॉडेल गूगल ड्राइव्हवर सेव्ह करत जा, दर इपॉकला, म्हणजे सगळ्या डेटावरच्या प्रत्येक फेरीनंतर, केलंत तर उत्तमच.