गटात प्रश्न विचारताना नेमकेपणा ठेवा

सहावी ते आठवीच्या शिक्षकांनी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात ‘अपूर्णांकांवर काही आहे का?’ असे मोघम विचारले, तर हाती बहुधा दहा पीडीएफ पडतात आणि उपयोगाची एकही निघत नाही. त्याऐवजी ‘सहावी, भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज; मुले १/२ + १/३ = २/५ लिहितात’ असा नेमका अडथळा मांडावा, म्हणजे ज्यांनी वर्गात तीच चूक हाताळली आहे ते उत्तर देतात. (सकाळी सुप्रभातच्या फुलांखाली प्रश्न गाडला जातो, तो संध्याकाळी टाकावा.)

पाठ्यपुस्तकांच्या प्रती बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, तर पुस्तकातील क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन केल्यास त्या पाठाचे साहित्य उघडते. विद्युत परिपथासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचे ‘फेट’ हे पडद्यावरील प्रयोगांचे संकेतस्थळ पाहावे. तेथे मुले पडद्यावर स्वतः तारा आणि घट जोडून बल्ब पेटतो का, हे तपासतात. वर्गातील नेटवर विसंबून मात्र राहू नये.

पुण्यातील शिक्षकांना तर पुणे विद्यापीठाच्या आवारातील आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका जवळच आहे. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून भूमितीचे आकार जोडण्यासारखी तिथली खेळणी वर्गात एका तासिकेत सहज करून घेता येतात.