पॅराशूटच्या एएडीवर भरवसा ठेवा, पण या चुका टाळा

आपल्या नागपूरची पोरं उज्जैनला स्कायडायव्हिंगला जाऊन राहिली, टँडमपर्यंत, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून मारलेल्या उडीपर्यंत, ठीक आहे, तिथं सगळं तोच बघतो. पण नाद लागला, कोर्स केला, स्वतःची रिग, म्हणजे पॅराशूटचा अख्खा संच, घेतली की एएडी तुमची जबाबदारी. एएडी म्हणजे तुम्ही वेगानं खाली येत राहिलात तर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारं उपकरण.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तो घरूनच चालू करून नेणं. भाऊ, त्याला जमीन दिसत नाही, फक्त हवेचा दाब कळतो, जिथं चालू केला तीच त्याची शून्य उंची. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटर, उज्जैन 490 च्या आसपास, म्हणजे फरक झाला जवळपास 600 फूट. सायप्रस कंपनीचा एक्स्पर्ट मोडवरचा एएडी वेग सेकंदाला 35 मीटरच्या वर असेल तर 750 फुटांवर रिझर्व्हचा, म्हणजे राखीव पॅराशूट बंद ठेवणारा, लूप कापतो, पण नागपुरात मनीषनगरात चालू केला असेल तर ते 750 मनीषनगरापासूनचे, उज्जैनमध्ये तोवर तुमच्याखाली 150 च फूट उरलेत आणि त्या वेगात ते सेकंद-दीड सेकंदात संपतात बाप्पा! चौदा तासांनी तो आपोआप बंद होतो खरा, पण रात्रभर गाडी चालवून सकाळी पोचलात तर चालूच असणार. म्हणून ड्रॉपझोनवर, म्हणजे उडी मारून उतरायच्या जागी, पोचल्यावरच चालू करा, आणि मधात जेवायला गावात जाऊन आलात तर बंद करून परत चालू करा.

चालूच होत नाही म्हणून घाबरतात काही जण. बटण चारदा दाबायचं असतं, पहिल्यांदा दाबलं की लाल दिवा लागतो, लागल्याबरोबर लगेच पुन्हा, असं. उशीर झाला की तो ऐकत नाही. मात्र शून्याऐवजी एरर कोड दिसला तर उडी रद्द, रिगरकडे (पॅराशूट पॅक अन् दुरुस्त करणारा) द्या, "एवढ्या एका उडीनं काय होते" हे चालणार नाही.

मेन, म्हणजे मुख्य पॅराशूट, उशिरा ओढणं ही दुसरी वाईट सवय. मेन हळू उघडला अन् तोवर 750 आले तर मेन अन् रिझर्व्ह दोन्हीच्या कॅनॉपी (छत्र्या) बाहेर येतात, आणि त्या एकमेकींपासून लांब पळाल्या की तुम्ही वेगानं खाली.

शिकणाऱ्यांसाठीचा स्टुडंट मोड तर सेकंदाला 13 मीटरलाच फायर होतो. त्यामुळे उडी न मारता विमानातूनच खाली यायचं ठरलं तर आधी तो बंद करा, आणि कॅनॉपीखाली जोरात गिरक्या घेऊ नका. सेकंडहँड रिग घेताना एएडीची तारीख आधी बघा, रंग नंतर.