बोअरच्या पाण्यातील फ्लोराइड उकळून जात नाही
यवतमाळ, चंद्रपूर वा नांदेडकडील बोअरचे पाणी कितीही नितळ दिसले, तरी त्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅम या कमाल मर्यादेहून अधिक फ्लोराइड (जास्त झाल्यास दात व हाडांना अपायकारक क्षार) असू शकते; ते उकळल्याने जात नाही, उलट वाफ उडून गेल्यावर पातेल्यात उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. तुरटीचा खडा फिरवणेही पुरेसे नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत चुना व तुरटी मोजून घालतात, ढवळून गाळ खाली बसू देतात आणि वरचे निवळ पाणी काढून घेतात. मात्र ही मात्रा पाण्याच्या तपासणीवरूनच ठरत असल्याने अंदाजपंचे घालू नये. घरापुरता आरओ (पाणी बारीक पडद्यातून गाळणारे यंत्र) सोयीचा, परंतु फ्लोराइडला चव नसल्याने आरओचा पडदा निकामी झाल्याचे जिभेला कळत नाही, म्हणून गाळलेले पाणीही अधूनमधून प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.