दिव्यांचं शोरूम: ग्राहकाच्या हाती बटण द्या

छतभर पन्नास दिवे एकदम लागलेले असले की कुठला दिवा कसा उजेड देतो, हे कुणालाच कळत नाही. डोळे दिपतात आणि माणूस शेवटी फिटिंगचा आकार आणि वॅट बघून खरेदी करतो. उजेड पारखायचा तर तो ग्राहकाला स्वतः लावून, विझवून, कमी-जास्त करून बघता आला पाहिजे.

सुरुवात अंधारापासून करा. दिवे लावून बघायची जागा दर्शनी काचेपासून लांब, आत ठेवा. दारापासून तिथवरचा उजेड टप्प्याटप्प्यानं उतरवत न्या, कारण भर उन्हातून आलेल्या डोळ्यांना सरावायला काही मिनिटं लागतात.

मग शेजारी शेजारी तीन कप्पे करा. रंग एकच, आतल्या वस्तूही त्याच: लाकडाची फळी, पांढरं कापड, लाल कापड, आरसा. दिवे मात्र २७००, ४००० आणि ६५०० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप: आकडा कमी तर पिवळसर, जास्त तर निळसर पांढरा). तिन्हींचे ल्युमेन, म्हणजे उजेडाचं प्रमाण, जवळपास सारखे हवेत, नाहीतर लोक छटा सोडून जो जास्त लख्ख तोच पसंत करतात. चौथा-पाचवा कप्पा सीआरआयसाठी, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणाऱ्या आकड्यासाठी: एकाच केल्विनचे दोन दिवे, एक ८० चा, दुसरा ९० च्या वरचा. इथे लाल कापड कामाला येतं. सीआरआयचा नेहमीचा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो. गडद लाल, म्हणजे आर-९, त्यात धरतच नाहीत. म्हणून आकडा चांगला दिसूनही लाल रंग मळकट पडू शकतो. ग्राहकाला आपला हात दिव्याखाली धरायला सांगा. एवढ्यानं जे पटतं ते माहितीपत्रकानं पटत नाही.

झोताचा कोन भिंतीवर दाखवा. दोन मीटरवरून १५ अंशांचा स्पॉटलाइट जेमतेम अर्ध्या मीटरचं वर्तुळ पाडतो, ३६ अंशांचा साधारण १.३ मीटरचं. भिंतीचा एक पट्टा खडबडीत ठेवून त्याच्या अगदी लगत एक दिवा लावा. पोत लगेच उठून दिसतो.

नियंत्रणाच्या बाबतीत टच स्क्रीनचा सोस फार दिसतो. मला विचाराल तर आधी साधं फिरवायचं बटण, स्क्रीन नंतर. बटणांवर ‘सीन १’ नको, ‘वाचन’, ‘जेवण’, ‘टीव्ही’ असं लिहा. डिमर (उजेड कमी-जास्त करणारं) आणि ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं उपकरण) एकमेकांशी जुळतात का, हे अगदी मंद उजेडावर तपासा. लुकलुक बहुधा तिथेच उघडी पडते. डाली ही दिव्यांच्या डिजिटल नियंत्रणाची पद्धत वापरणार असाल तर एका लाइनवर उपकरणांचे ६४ पत्ते बसतात, त्यामुळे विभागणी वायरिंगच्या आधीच कागदावर उतरवा. कुणी बटण दाबून निघून गेलं तर काही मिनिटांत सगळं मूळ स्थितीत येईल अशी सोय ठेवा.

मॉडेल सतत बदलतात, म्हणून छतात ट्रॅक, म्हणजे दिवे सहज काढता-लावता येणारी पट्टी, बसवा आणि ड्रायव्हर हाताशी येतील असे ठेवा. जिथे लोक दिवे हाताळणार तिथे ४८ व्होल्टचा मॅग्नेटिक ट्रॅक बरा.

उद्घाटनाआधी या धंद्याशी संबंध नसलेल्या एखाद्याला आत दहा मिनिटं सोडा. काही समजावू नका, नुसतं बघत राहा. ज्या बटणाकडे त्याचा हात गेलाच नाही, त्याची जागा बदला किंवा ते काढून टाका.