कापूस खरेदीच्या वेब अ‍ॅपसाठी डेटाबेस कसा निवडावा: रिलेशनल की ऑब्जेक्ट?

यवतमाळकडच्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी कापूस खरेदीचं वेब अ‍ॅप करायचं असेल, तर लॅपटॉप उघडण्याआधी एक दिवस काट्यावर जाऊन बसा आणि लोक काय विचारतात ते वहीत उतरवा. कास्तकार विचारतो, "माझा चुकारा किती बाकी आहे?" ग्रेडरला हवं असतं, काल किती गाड्यांत ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला. हिशेब ठेवणाऱ्या ताईंना गावनिहाय क्विंटल हवे असतात.

आता हे प्रश्न कुठून कुठून येतात ते पाहा. सातबारा गटावरून जमीन दाखवतो, आठ-अ खातेदारावरून. जमीन तीच, शोधायची वाट वेगळी. तुमच्या वहीतले प्रश्नही असेच चहूबाजूंनी येत असतील, तर रिलेशनल डेटाबेस घ्या. कास्तकार, गाड्या, काटापट्ट्या, चुकारे यांचे वेगवेगळे तक्ते करा आणि क्रमांकांनी जोडा. पुढच्या हंगामात नवा प्रश्न आला तरी मांडणी सहसा मोडावी लागत नाही. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली हाच आग्रह धरला होता: माहिती यंत्रात कशी रचली आहे, हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये.

ऑब्जेक्ट डेटाबेस कुठे शोभतो? ठिबकच्या आराखड्यात. मोटर, फिल्टर, मेन लाइन, सबमेन, व्हॉल्व्ह, नळ्या असं एकात एक गुंतलेलं, आणि प्रत्येक वावरात वेगळं. तक्त्यांत ते मोडून ठेवायचं नि दरवेळी पुन्हा जुळवायचं, यात जीव जातो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेसाठीचा झेडओडीबी हा ऑब्जेक्ट डेटाबेस ते जसंच्या तसं ठेवतो. पण "तालुक्यात १६ मिलिमीटरची नळी एकूण किती मीटर लागली?" असं कोणी विचारलं आणि त्याची सोय आधी केली नसेल, तर एकेक आराखडा उघडत बसावं लागतं.

खरेदीसाठी मी बेलाशक रिलेशनलच सांगेन. ऐन हंगामात काही बिघडलं, तर एसक्यूएल, म्हणजे रिलेशनल डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, येणारा पोरगा तालुक्याला सापडतो. ऑब्जेक्ट डेटाबेसचं सामायिक मानक ठरवणारा गट २००१ मध्येच विसर्जित झाला. त्यामुळे एक सोडून दुसरा धरायचा, तर बराच कोड नव्याने लिहावा लागतो.

थोडी माहिती वेड्यावाकड्या आकाराची असेल, तर पोस्टग्रेस या रिलेशनल डेटाबेसमध्ये ठरावीक साचा नसलेल्या माहितीसाठी जेसनबी रकाना आहे, २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून. ग्रेडरचे शेरे तिथे ठेवा. वजन आणि पैसा मात्र स्वतंत्र रकान्यांतच हवा.

शेवटी गेल्या हंगामातल्या एका दिवसाच्या सगळ्या काटापट्ट्या भरून वहीतला प्रत्येक प्रश्न चालवून पाहा. मग चुकारा नोंदवताना मध्येच सर्व्हरची वीज तोडा. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर चुकारा दिसतो पण बाकी तेवढीच राहिली असेल, तर त्या दोन नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झाल्या तर दोन्ही नाहीतर एकही नाही अशा, बांधलेल्या नाहीत. पहिली गाडी काट्यावर यायच्या आत ते दुरुस्त करा.