कपाटामागची बुरशी

खानापुरात पावसानं झड धरली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. गेल्या वर्षी कपाटामागची भिंत काळी पडली, आईच्या इरकली लुगड्याला कुबट वास यायला लागला. आधी मी वरून रंग मारला, ती चूकच झाली. महिन्यात डाग पुन्हा वर आले. मग मूळ सापडलं: फुटक्या कौलातून भिंतीत मुरणारं पाणी. कौलं बदलली. मास्क लावून साबणाच्या पाण्यानं भिंत घासली. कोरडी झाडू नका, बुरशीचे बीजाणू घरभर उडतात. दोन दिवस पंखा लावून वाळवली, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढलं. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. लुगडं उन्हात दिलं, वास गेला.